विरीतलं पाणी

रत्नागिरी तालुक्यात घरोघर डासांच्या अळ्या शोधत माझी नोकरी सरली. हातात बॅटरी आणि पळी, तोंडी एकच वाक्य : "वहिनी, पिंप बघू जरा." रांजण, न्हाणीतली टाकी, फ्रिजमागचा ट्रे बघायचा नि पुढचं घर गाठायचं. वाडीत शिरायचं कारण नसे. पोफळीखाली गळलेल्या विरीत, म्हणजे पानाच्या खोलगट देठात, आणि करवंटीत पाणी साचतं, त्यात अळ्या वळवळतात, हे इथल्या पोरांनाही ठाऊक. पण ते 'रानातले' डास. भिंगाखाली धरले की घरातल्या एडिस इजिप्तीच्या पाठीवर वीणेसारखी खूण दिसते, रानातल्या एडिस अल्बोपिक्टसच्या पाठीवर सरळ एकच पांढरी रेघ. आम्ही वीणा मोजायचो.

त्यात चूकही नव्हती. आपल्याकडे १९६३ साली कोलकात्यात आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनिया आला, तो इजिप्तीबरोबर. मग दिसेनासा झाला. २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये धरलेल्या इजिप्ती डासांत पुण्याच्या विषाणू संस्थेला तो पुन्हा सापडला; मात्र हा बार्शीचा आशियाई वाण नव्हता, आफ्रिकी होता. हीच गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

२००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोक चिकनगुनियानं आजारले. तिथं इजिप्ती जवळजवळ नाहीच, अल्बोपिक्टस उदंड. विषाणूच्या ई-१ प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या माळेतला २२६ वा मणी बदलला होता : अ‍ॅलानिनच्या जागी व्हॅलिन. एवढ्यानं रानातल्या डासाच्या आतड्यात तो रक्तात थोडासा असला तरी रुजू लागला आणि लाळेपर्यंत लवकर पोचू लागला. २००७ मध्ये केरळात हाच बदल दिसला, तोही रियुनियनहून न येता इथंच स्वतंत्रपणे घडलेला. जुन्या आशियाई वाणात मुद्दाम हाच मणी बदलून पाहिला, तर फरक पडेना. त्याच प्रथिनातला ९८ वा मणी आड येतो. म्हणजे बार्शीच्या विषाणूला ही वाट बंदच होती. डास जुनाच, वाडीही जुनीच. नवा होता तो पाहुणा.

केरळ म्हणजे नारळ, पोफळी आणि पाऊस. हे सगळं वाचलं आणि मी वाडीत शिरू लागलो.

"पिंप घरात आहे हो, तिकडे काय शोधताय?" एका वहिनींनी हटकलं. न्हाणीच्या चुलीसाठी जमवलेल्या विऱ्यांचा ढीग पावसात भिजत होता. वरचीच विरी उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आत डोकावून पाहिलं, पाणी तुळशीच्या मुळाशी ओतलं आणि विरी परत ढिगावर ठेवली.

उताणीच.