कंपायलरचे शुद्धिपत्र

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून बीडला घरी आला होता. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, ओसरीवर बसला आणि पाणी पिऊन झाल्यावर खिशातून घडी केलेला कागद काढून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. हे एक पान कसं लिहावं ते सांगता का?"

कागद इंग्रजीत होता आणि माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेव्हा त्यानेच तो मराठीत समजावून सांगितला. पुण्यातील एका कंपनीत तो कंपायलर बनविण्याच्या कामावर आहे. त्यांच्या कंपायलरची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. तिच्याबरोबर जे टिपण द्यावे लागते, त्यात दोन मथळे होते. एक 'नवीन सोयी' आणि दुसरा 'ज्ञात मर्यादा'. पहिल्याखाली अकरा कलमे होती, दुसऱ्याखाली चार. त्या चारांपैकी तिसरे कलम गाळून टाक, गिऱ्हाईक घाबरेल, असे त्याच्या वरच्या साहेबांनी सांगितले होते. साहेब माणूस वाईट नव्हता, पण पोराच्या मनातून ते तिसरे कलम जात नव्हते.

वाचकहो, चकलीच्या तुकड्याबरोबर कंपायलर घशाखाली कसा उतरावा, अशी शंका आपल्याला येईल. मलाही आली होती. पण आमच्या बीडकरांना ही वस्तू समजायला फारशी अडचण पडू नये. १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत आणि शेतकऱ्याचे बोलणे मराठीत. बांधाची तक्रार असो की साऱ्याच्या माफीचा अर्ज असो, कचेरीच्या दारात बसलेल्या अर्जीनवीसाला गाठावे लागे. शेतकरी आपल्या भाषेत सांगे, तो सरकारच्या भाषेत लिही. यंत्रालाही सरकारासारखीच स्वतःची एकच भाषा कळते, ती म्हणजे शून्य आणि एक यांची. माणूस त्यातल्या त्यात माणसासारख्या भाषेत हुकूम लिहितो आणि कंपायलर त्याचा अर्ज यंत्राच्या भाषेत उतरवतो. त्याच्या मागे आणखी दोघेतिघे असतात. एक अक्षरे जुळवतो, एक निरनिराळे कागद एकत्र शिवतो. या सगळ्या साखळीला ते लोक टूलचेन म्हणतात.

आता यातली मेख पाहा. अर्जीनवीसाने काही वेगळेच लिहिले तर शेतकऱ्याला ते कळणार कसे? त्याला उर्दू वाचता येत नाही. अर्ज फेटाळला गेला की तो दैवाला बोल लावतो, नाही तर स्वतःच्या सांगण्याला. कंपायलर चुकला तर प्रोग्राम लिहिणाऱ्याचीही तीच गत होते. दोष दुभाष्याचा असला तरी तो आपल्याच लिखाणात चूक शोधत रात्री घालवतो. म्हणून दुभाष्याने आधीच सांगून ठेवणे बरे, की बाबा, अमुक शब्द मला नीट लिहिता येत नाही.

या दुभाष्याचा इतिहास फार जुना नाही. १९५१-५२ च्या सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर या बाईंनी युनिव्हॅक यंत्रासाठी ए-झीरो नावाची व्यवस्था तयार केली. गणिताचे तयार तुकडे फितीवर साठवून ठेवायचे आणि सांगितलेल्या क्रमाने ते यंत्रानेच गोळा करायचे. गोळा करणे म्हणून तिचे नाव पडले कंपायलर, म्हणजे संकलक. आजच्या अर्थाने तो पुरता दुभाष्या नव्हता, पण नाव चिकटले ते चिकटलेच. पुढे आय. बी. एम. कंपनीत जॉन बॅकस यांच्या मंडळींनी फोर्ट्रानचे काम हाती घेतले. केव्हा होईल असे विचारले की उत्तर ठरलेले, सहा महिन्यांत! सहा महिने करता करता १९५७ चा एप्रिल उजाडला. (दिवाळी अंकासाठी संपादकांना लेख कबूल करणाऱ्यांनी हे वाक्य जपून ठेवावे.)

त्या एप्रिलात वेस्टिंगहाउस कंपनीच्या बेटिस प्रयोगशाळेत कार्डांचा एक बिननावाचा गठ्ठा टपालाने येऊन पडला. सोबत सूचनांचा कागद नव्हता. तिथल्या जाणत्यांनी अंदाज केला की हा फोर्ट्रानच असणार. त्यांनी तो यंत्रात घातला आणि आपला एक प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवला. कंपायलरने पहिल्याच खेपेला उत्तर दिले ते चुकीचे बोट दाखवून, की तुमचा एक स्वल्पविराम राहिला आहे. मला या प्रसंगाची मौज वाटते. दुसऱ्याची चूक दाखवायला कंपायलर जन्मतःच शिकला. स्वतःची सांगायला मात्र त्याला वेळ लागला.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हे यंत्र सुरू झाले. १९६४ मध्ये तेथे सी. डी. सी. ३६०० हे अमेरिकी यंत्र आले आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रानही आले. तो काळ मोठ्या संस्थांचा होता. यंत्र विकत घ्यायचे आणि कंपायलर त्याच्या पदरात बांधून यायचा. तो आत कसा आहे हे पाहण्याची सोय गिऱ्हाइकाला सहसा नसे.

ती रीत मोडली रिचर्ड स्टॉलमन यांनी. कोणालाही उघडून पाहता येईल, सुधारता येईल आणि वाटता येईल असा कंपायलर त्यांनी १९८७ मध्ये बाहेर काढला. त्याचे नाव जी. सी. सी. त्याच्या माहितीपुस्तकात एक संपूर्ण प्रकरणच अडचणींना वाहिलेले आहे. विद्यार्थ्याने ते मला वाचून दाखवले तेव्हा मी अवाक झालो. खरोखरचे दोष जे अजून दुरुस्त झाले नाहीत त्यांना एक भाग, लोकांची निराशा आणि गैरसमज यांना दुसरा, आणि आम्ही जे बदल मुद्दामच करणार नाही त्यांना तिसरा. इतक्या सरळपणे बोलणारी प्रस्तावना मी मराठी कादंबरीला अजून पाहिलेली नाही.

आणि या कंपायलरशी आपल्या पुण्याचे नाते आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीतील मंडळी जी. सी. सी. ची साखळी जपानी चिपांसाठी तयार करून जगभर फुकट देत असत. आधी हिताचीच्या आणि २००३ पासून रेनेसासच्या नावाने निघालेल्या एच-८ आणि एस-एच या त्या चिपा. मोटारीत, कारखान्यात, घरगुती यंत्रात बसणारे हे नखाएवढे मेंदू. १९९८ साली लेगो कंपनीने मुलांसाठी यंत्रमानवाची पिवळी वीट काढली, तिच्या पोटात एच-८ च होता. पुण्याहून नवी आवृत्ती निघे, तिच्याबरोबर टिपण जाई, आणि कुठल्या तरी परक्या देशातला कारागीर ते वाचून आपल्या कामाला लागे. पुढे २०१२ साली याच कंपनीने सी-आर-१६ नावाच्या चिपेसाठीचा भाग मूळ जी. सी. सी. लाच दिला. त्याच्या धारिकांच्या माथ्यावर कंपनीचे नाव होते. चिप जुनी झाली, वापरणारे उरले नाहीत आणि काही वर्षांनी तो भाग वगळण्यात आला. छापील पुस्तकाचे असे होत नाही. ते निदान रद्दीत तरी सापडते.

आता त्या मर्यादांच्या कलमांकडे वळतो. माझ्या विद्यार्थ्याचे तिसरे कलम येथे सांगत नाही, ती त्याच्या कंपनीची घरातली गोष्ट. त्याच जातीचे एक उघड उदाहरण त्याने मला दिले. रेनेसासची आर-एक्स नावाची चिप आहे. अपूर्णांकांचे गणित तिच्या सुरुवातीच्या प्रकारांतील यंत्रणा ३२ खणांतच करते. प्रोग्राम लिहिणारा 'डबल' असे लिहितो, म्हणजे मला ६४ खणांची अचूकता हवी असे तो समजत असतो. जी. सी. सी. मात्र या चिपेसाठी, वेगळे सांगितले नाही तर, ३२ च खण देतो. हे त्याच्या माहितीपुस्तकात कारणासहित स्पष्ट लिहिले आहे. न वाचणाऱ्याला मात्र फटका बसतो.

"पण फटका म्हणजे किती?" मी विचारले.

तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच फळ्यावर करून बघा. ३२ खणांत १,६७,७७,२१६ हा आकडा नीट बसतो. त्यात एक मिळवा. उत्तर तेवढंच राहतं."

"आणि पुन्हा एक मिळवला तर?"

"तरी तेवढंच. दिवसभर एकेक मिळवत बसा, आकडा हलत नाही. आणि एकदम तीन मिळवले, तर चार वाढतात."

आमच्या भागात काटा हा शब्द उच्चारला की माणसे सावध होतात. ऊस असो, कापूस असो, माल ओतल्यावर आकडा काय दाखवतो याकडे घरातल्या सगळ्यांचे डोळे असतात. समजा, एखाद्या यंत्राने हंगामाच्या मालाची बेरीज किलोत, अशा ३२ खणांत ठेवली, तर एका टप्प्यानंतर सुटा किलो बेरजेतून नाहीसा होईल. कोणी चोरलेला नसताना! मग भांडण होईल काट्यावर बसलेल्या मुनिमाशी, आणि त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नसेल. मर्यादा कुठे तरी एका टिपणात, एका ओळीत लिहिलेली असेल, किंवा गाळलेली असेल.

गाळलेल्या ओळीची सर्वांत महागडी गोष्ट घडली ४ जून १९९६ रोजी. युरोपचे एरियान-५ हे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत फुटले. चौकशी समितीला आढळले की दिशा सांभाळणारा प्रोग्राम जुन्या एरियान-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. त्यात एक मोठी संख्या १६ खणांत कोंबावी लागे. १६ खणांत ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही. अशा धोक्याच्या सात संख्या होत्या. चारांना संरक्षण दिले, तिघींना यंत्रावरचा भार कमी ठेवण्यासाठी मुद्दाम दिले नाही. एरियान-४ च्या वाटेवर ती संख्या एवढी मोठी होणारच नव्हती. म्हणजे ज्यांनी ते सोडले त्यांनी विचारपूर्वक सोडले. पण त्यामागचा विचार प्रोग्रामच्या पानांवर, पुढच्याच्या नजरेस पडेल असा लिहिलेला नव्हता. एरियान-५ अधिक वेगाने आडवे सरकले, संख्या मावली नाही आणि राखीव यंत्रही त्याच प्रोग्रामवर चालत असल्याने तेही त्याच चुकीने बंद पडले.

हे ऐकताना मला पैठण आठवले. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि पैठण तिच्या पलीकडच्या काठावर आहे. तेथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नकलाकारांच्या हातून बिघडलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी वाचकांना बजावून ठेवले की यात पदरची ओवी घालू नका. जुन्या पोथ्यांचे लेखनिकही अखेरीस सांगत, समोर जसे होते तसे उतरवले आहे, चूक दिसली तर दोष मला देऊ नका. पुढे छापखाने आले आणि या ओळींची जागा शुद्धिपत्राने घेतली. तीही आता पुस्तकांतून दिसेनाशी झाली आहे.

माझ्या पहिल्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात विधवा झालेली आत्या नवव्या प्रकरणात यजमानांना चहा नेऊन देते. पुस्तक छापून आल्यावर मला ते दिसले. शुद्धिपत्राचे एक पान चिकटवा, असे मी प्रकाशकांना विनवले. ते म्हणाले, "आपणहून कशाला सांगता? कोण एवढं बघतंय?" मी गप्प बसलो. पंधरा वर्षांत सात वाचकांची पत्रे आली आणि सातांपैकी एकानेही कादंबरीतल्या दुसऱ्या कशाबद्दलही लिहिले नाही.

हे मी विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो खूप हसला. मग आम्ही दोघे त्या तिसऱ्या कलमावर बसलो. त्याच्या मूळ वाक्यात 'काही विशिष्ट परिस्थितीत अनपेक्षित परिणाम संभवतो' अशी सरकारी भाषा होती. मी म्हटले, कोणती परिस्थिती, कोणता परिणाम, आणि तोवर वापरणाऱ्याने काय करावे, एवढेच लिही. तीन छोटी वाक्ये झाली. घाबरण्यासारखे त्यात काही उरले नाही, असे मला वाटले. त्याला मात्र साहेबांची खात्री नव्हती.

नवरात्रात त्याचा फोन आला. आवृत्ती बाहेर पडली होती. कलम राहिले होते, फक्त तिसऱ्याऐवजी चौथे झाले होते आणि अक्षर बारीक केले होते. दुसऱ्याच आठवड्यात कोणा गिऱ्हाइकाने त्याच कलमाबद्दल लिहून विचारले होते, की हे पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होणार का. तो आता तेच करीत बसला आहे.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. आत्याबाईंच्या यजमानांना जिवंत ठेवावे की चहाचा प्रसंग काढावा, हे अजून ठरलेले नाही.