काळजी नावाची भिंत आणि धावणाऱ्या बायका

दर वर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की पुढचे आठ दिवस मोबाइलवर तिचेच अनुभव वाचायला मिळतात. पेडर रोडचा चढ कसा जिवावर आला, तीस किलोमीटरनंतर पोटऱ्यांत गोळे कसे आले, रस्त्याकडेच्या अनोळखी माणसानं हातावर संत्र्याची फोड कशी ठेवली. असं लिहिणाऱ्यांत बायका भरपूर असतात. कुणी दोन मुलांची आई असते, कुणी साठी ओलांडलेली. त्यांच्या धावण्याबद्दल आपण त्यांचं अभिनंदन करतो, पण 'बाई असून धावली' असं आता कुणी म्हणत नाही.

जेमतेम साठ वर्षांपूर्वी मात्र जगातल्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या देशांतही बाईला मॅरेथॉन धावायची परवानगी नव्हती. ती कुणी नाकारली, कोणत्या कारणानं नाकारली आणि ती कशी मिळाली, हा इतिहास मला आपल्या समाजासाठी महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातली कारणं आपल्या ओळखीची आहेत.

दोन शर्यती, दोन न्याय

आधुनिक मॅरेथॉनची सुरुवात १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून झाली. त्या वेळी स्टॅमाटा रेविथी नावाच्या एका गरीब ग्रीक बाईनं आपल्यालाही धावू द्यावं अशी विनंती केली. ती नाकारली गेली. दुसऱ्या दिवशी ती त्याच वाटेनं एकटी धावली. शेवटी जे स्टेडियम होतं, तिथे तिला आत सोडलं नाही. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉन सुरू झाली. तिथेही फक्त पुरुष.

१९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये एक प्रसंग घडला. इटलीचा दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या पुढे स्टेडियममध्ये आला, पण त्याला भान राहिलं नव्हतं. तो उलट्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला, आणि अखेर पंचांनी त्याला आधार देऊन रेषेपार नेलं. मदत घेतली म्हणून तो बाद झाला. पण लोक त्याच्यासाठी हळहळले, आणि दुसऱ्या दिवशी खुद्द राणी अलेक्झांड्रानं त्याला चांदीचा चषक दिला. पुरुषांना मॅरेथॉन झेपत नाही, ती बंद करा, असा ठराव त्यावर झाला नाही.

आता वीस वर्षं पुढे जाऊ. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं गेलं. जर्मनीची लीना राडके जागतिक विक्रम करून जिंकली. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. शर्यत संपल्यावर काही जणी धापा टाकत गवतावर पडल्या, कुणीही पडेल तशा. वर्तमानपत्रांनी मात्र बायका वाटेतच कोसळल्याची वर्णनं छापली. परिणाम असा झाला की बायकांची ८०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमधून गेली ती थेट १९६० मध्ये परत आली.

पुरुष कोसळला तर चषक, बाई दमली तर बंदी. याला कुणी द्वेष म्हणत नव्हतं. याचं नाव होतं काळजी. बाईचं शरीर नाजूक असतं, गर्भाशयाला इजा होईल, ती पुरुषी दिसू लागेल, अशी भीती घातली जायची.

झुडपामागची मुलगी

१९६६ मध्ये रॉबर्टा गिब या तेवीस वर्षांच्या मुलीनं बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागवला. बायकांच्या शरीराला हे अंतर झेपणारं नाही, असं उत्तर आलं. त्या काळच्या अमेरिकन नियमाप्रमाणे बायकांना दीड मैलापेक्षा जास्त अंतराच्या स्पर्धेत धावता येत नसे. गिब तर रोजच्या सरावातच त्याच्या कितीतरी पट धावत होती. सुरुवातीला तिच्याकडे धावण्याचे बूटही नव्हते. नर्स घालतात तसल्या बुटांवर तिनं सराव केला होता.

ती कॅलिफोर्नियाहून बसनं कित्येक दिवसांचा प्रवास करून आली. अंगात भावाची अर्धी चड्डी आणि ओळख लपवायला टोपीचा सदरा. शर्यत सुरू होते तिथल्या झुडपात ती लपून बसली आणि बरेच धावक पुढे गेल्यावर गर्दीत मिसळली. थोड्याच वेळात आजूबाजूच्या पुरुषांना कळलं की ही मुलगी आहे. तिला भीती होती की आता हे बाहेर काढतील. उलट त्यांनीच तिला धीर दिला, तुला कुणी हाकलू लागलं तर आम्ही मध्ये पडू म्हणाले. मग तिनं जाड सदरा काढून टाकला. अर्ध्या वाटेवर वेलस्ली हे मुलींचं कॉलेज आहे. एक मुलगी धावत येते आहे ही बातमी तिथे आधीच पोचली होती, आणि तिथल्या मुलींनी रस्ता दणाणून सोडला. नव्या बुटांनी पायांना फोड आलेले असताना गिबनं ३ तास २१ मिनिटं ४० सेकंदांत शर्यत पूर्ण केली. दोन तृतीयांश पुरुष तिच्या मागे होते. राज्याचे गव्हर्नर शेवटच्या रेषेवर तिचा हात हातात घ्यायला आले होते.

पण तिच्या अंगावर नंबर नव्हता. त्यामुळे अधिकृत नोंदीत ती धावलीच नव्हती. नोंद व्हायला १९९६ साल उजाडलं. तीस वर्षांनी आयोजकांनी तिला १९६६, १९६७ आणि १९६८ ची विजेती म्हणून मान्य केलं. कागद असणं आणि नसणं यातला फरक आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको.

नंबर २६१

तो कागद मिळवला कॅथरिन स्वित्झरनं. ती सिराक्यूस विद्यापीठात शिकत होती. आर्नी ब्रिग्ज नावाचे एक पोस्टमन तिच्याबरोबर सराव करायचे. त्यांनी स्वतः अनेकदा बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली होती आणि त्या शर्यतीचे किस्से ते तिला रोज ऐकवायचे. पण तीच म्हणाली की मलाही धावायचं आहे, तेव्हा ते म्हणाले, बाईला ते जमणार नाही. मग त्यांनी पुढे एक गोष्ट जोडली: सरावात पूर्ण अंतर धावून दाखवलंस तर मी स्वतः तुला घेऊन जाईन. ती पूर्ण अंतर धावली आणि वर आणखी पाच मैल धावू या म्हणाली. ब्रिग्जनी शब्द पाळला. एवढंच नव्हे तर रीतसर नाव नोंदवायचं, चोरून धावायचं नाही, असा आग्रह धरला. तिनं 'के. व्ही. स्वित्झर' अशी सही केली आणि तिला २६१ नंबर मिळाला.

१९ एप्रिल १९६७. त्या दिवशी बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता. काही मैल गेल्यावर पत्रकारांच्या गाडीतल्या लोकांना ती दिसली. शर्यतीचे एक प्रमुख आयोजक जॉक सेंपल गाडीतून उतरून मागून धावत आले, त्यांनी तिला धरलं आणि माझ्या शर्यतीतून चालती हो म्हणत छातीवरचा नंबर ओढू लागले. तिच्याबरोबर धावणारा तिचा मित्र हातोडाफेकपटू होता. त्यानं सेंपलना खांद्यानं असा धक्का दिला की ते रस्त्याकडेला फेकले गेले. छायाचित्रकारांनी हे सगळं टिपलं. ती छायाचित्रं जगभर गेली.

स्वित्झर पुढे धावत राहिली. आपण इथे थांबलो तर बायकांना झेपत नाही हेच सिद्ध होईल, हे तिला कळत होतं. सुमारे चार तास वीस मिनिटांत तिनं शर्यत संपवली. त्याच दिवशी गिबही धावत होती, पुन्हा नंबराशिवाय, आणि तिच्यापेक्षा जवळपास तासभर आधी पोचली होती. पुढे अमेरिकेच्या ॲथलेटिक संघटनेनं स्वित्झरचं सदस्यत्व काढून घेतलं.

सेंपल दुष्ट होते असं समजायचं कारण नाही. स्कॉटलंडहून आलेला हा कष्टाळू माणूस स्वतः जुना धावक होता आणि शर्यतीवर त्याचा जीव होता. आपण शर्यतीची अब्रू राखतो आहोत असंच त्याला वाटत होतं. १९७२ मध्ये बोस्टननं बायकांना अधिकृत प्रवेश दिला. तीन मुलांची आई असलेली नीना कुस्कसिक पहिली अधिकृत विजेती ठरली. आणि १९७३ च्या शर्यतीच्या सुरुवातीला याच सेंपलनी कॅमेऱ्यांसमोर स्वित्झरच्या गालाचं चुंबन घेऊन भांडण मिटवलं.

दहा मिनिटं

दार उघडलं तरी उंबरठा शिल्लक होता. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९७० मध्ये सेंट्रल पार्कच्या आतच सुरू झाली. प्रवेश फी एक डॉलर, धावणारे १२७ आणि पूर्ण करणारे फक्त ५५. त्या वर्षी बाई एकच होती, तीच नीना. आजारपणामुळे तिला मध्येच थांबावं लागलं. १९७२ मध्ये संघटनेनं अट घातली की बायकांनी पुरुषांबरोबर सुटायचं नाही, दहा मिनिटं आधी वेगळं सुटायचं. सहा जणी रेषेवर आल्या. त्यांच्यासाठी इशारा झाला आणि त्या सहाही जणी जमिनीवर बसल्या. हातात फलक होते: हे १९७२ साल आहे, जागे व्हा. दहा मिनिटांनी पुरुषांसाठी इशारा झाला तेव्हा त्या उठल्या आणि सगळ्यांबरोबर धावल्या. शिक्षा म्हणून प्रत्येकीच्या वेळेत दहा मिनिटं वाढवली गेली. पण ती अट पुढे टिकली नाही.

१९७८ मध्ये याच न्यूयॉर्कमध्ये नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली. ती पेशानं शिक्षिका, हे सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो. शेवटचे मैल तिला असह्य झाले. शर्यत संपल्यावर तिनं बूट काढून नवऱ्याच्या दिशेनं फेकले, कारण हिला इथे आणायची कल्पना त्याची होती. पुन्हा हे करणार नाही म्हणाली. तोवर कळलं होतं की तिनं जागतिक विक्रम मोडला आहे. पुढे ती न्यूयॉर्क मॅरेथॉन एकूण नऊ वेळा जिंकली.

ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. अमेरिकेची जोन बेनोइट जिंकली. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हानं अर्धी वाकून, झोकांड्या देत स्टेडियममध्ये आली. डॉक्टर तिच्यावर नजर ठेवून होते, पण त्यांनी तिला हात लावला नाही, कारण लावला असता तर ती बाद झाली असती. ती ३७ वी आली. या वेळी मात्र बायकांची शर्यत बंद करा असं कुणाला म्हणता आलं नाही.

त्यानंतर तीनच दिवसांनी मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली. मुस्लिमबहुल देशातल्या बाईचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्णपदक. भारतीयांना ही शर्यत आठवते ती दुसऱ्या कारणानं: पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं याच शर्यतीत हुकलं. नवालनं पुढे कासाब्लांका शहरात १९९३ पासून बायकांची दहा किलोमीटरची दौड सुरू केली. तिथे हजारो बायका धावतात, कुणी हिजाबमध्ये, कुणी हिजाबशिवाय.

आपल्या वाटेवर

मी उर्दू माध्यमाच्या मुलींना मराठी शिकवते. सातवीपर्यंत मैदानावर मुली वाऱ्यासारख्या पळतात. आठवी-नववीत क्रीडास्पर्धेच्या यादीतून त्यांची नावं गळायला लागतात. घरून कुणी स्पष्ट नाही म्हणत नाही. आया मला हळू आवाजात सांगतात, "टीचर, लडकी जात है, कल को कुछ हो गया तो?" या आईच्या मायेवर मी शंका घेणार नाही. पण १९२८ च्या वर्तमानपत्रांपासून १९६६ च्या त्या पत्रापर्यंत सगळीकडे हाच प्रश्न आहे.

हे दीनच्या नावानं सांगितलं जातं, तेव्हा मला दोन गोष्टी आठवतात. हदीसमध्ये पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा यांनी शर्यत लावल्याचा उल्लेख आहे. पहिल्या वेळी हजरत आयेशा जिंकल्या. दुसरी गोष्ट हजची. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये हाजी सात फेऱ्या घालतात, त्या हजरत हाजरांच्या आठवणीत. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत एक आई धावली, आणि तिचं धावणं इबादत झालं. आज मात्र त्या वाटेवर हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी पळायचं आणि बायकांनी चालायचं, असा शिरस्ता आहे. मला त्यावर वाद घालायचा नाही. ती धाव मुळात कुणाची होती, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

आणखी एक आठवण मुंबईची. मुंबई मॅरेथॉनची वाट हाजी अली दर्ग्यासमोरून जाते. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं इथे भारतीय महिलांत पहिली आली. याच सुमारास दर्ग्यात बायकांना मजारीजवळ जायला बंदी झाली होती. दिलेल्या कारणांत बायकांची सुरक्षितता हेही एक होतं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या पुन्हा आत गेल्या. त्या काही वर्षांत बाहेरच्या रस्त्यावर बाई बेचाळीस किलोमीटर धावू शकत होती आणि आत शेवटची काही पावलं तिला मना होती.

या सगळ्या इतिहासात मला सेंपल आणि ब्रिग्ज शेजारी शेजारी दिसतात. दोघंही जुने धावक, दोघांनाही वाटत होतं की बाईला हे जमणार नाही. एकानं तिचा नंबर ओढला. दुसऱ्यानं तिला धावून दाखवायला सांगितलं, तिच्याबरोबर स्वतः धावला आणि तिचं नाव रीतसर यादीत घातलं. काळजी दोघांनाही होती. आपल्या मुलींची काळजी आपल्यालाही आहेच. तेव्हा पहाटे मैदानापर्यंत सोबत जावं, पायात बरे बूट घालावेत, अंगभर कपडे हवे असतील तर तसे शिवून द्यावेत, आणि क्रीडास्पर्धेच्या अर्जावर पालकांच्या सहीची जागा असते तिथे सही करावी.