तीन वर्षांची सही

“तारीख काय?” वकीलबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला.

मी मित्राला उसन्या दिलेल्या साठ हजारांची, त्याच्या ‘पुढच्या महिन्यात नक्की’ची लांबलचक गोष्ट सांगायच्या तयारीने गेलो होतो. त्यांना हवी होती फक्त पैसे दिल्याची तारीख. बँकेच्या ॲपमध्ये शोधली. तीन वर्षं पूर्ण व्हायला एकोणीस दिवस उरले होते.

१९६३च्या मुदत कायद्यानुसार उसन्या पैशांचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत टळली, तर समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाला दावा फेटाळावा लागतो. देणं पुसलं जात नाही, पण कोर्टाचं दार बंद होतं.

“उशीर माफ होत नाही का?”

“अपिलाला होतो, काही अर्जांना होतो. मूळ दाव्याला नाही. आता एक तर दावा लाव, नाहीतर मुदतीच्या आत त्याच्याकडून देणं मान्य असल्याचं लिहून घे, सहीसकट. त्या सहीपासून नवी तीन वर्षं मोजायची.”

नवी सही, नवी तीन वर्षं. हे मी शाळेत वाचलं होतं, पण कायद्याच्या नाही, इतिहासाच्या पुस्तकात.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावात आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं गेलं, पण त्यांचा खरा रोख होता वह्या आणि कर्जखतांवर. ती ओढून काढली आणि जाळली. दंग्याचं लोण अहमदनगर जिल्ह्यातही पोचलं. ‘दख्खनचे दंगे’ ते हेच.

कागदावर एवढा राग का? त्याचा एक धागा १८५९च्या मुदत कायद्याशी जातो. नोंदणी न केलेल्या साध्या कर्जखतावरचा दावा तीन वर्षांत लावायचा, असं त्या कायद्याने ठरवलं. वर्षानुवर्षं व्याज साचू नये, हा हेतू. सावकाराने त्यावर सोपा तोडगा काढला: मुदत संपायच्या आत नवं खत लिहून घ्यायचं, आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचं.

मी मोबाइलवर हिशेब करून पाहिला. समजा, शंभर रुपये, दरसाल चोवीस टक्के सरळ व्याज. खत न बदलता नऊ वर्षांनी देणं होतं ३१६ रुपये. दर तीन वर्षांनी खत बदललं, तर १७२, मग २९६, मग ५०९. कर्ज एका पैशानेही वाढलेलं नाही. वाढल्या त्या फक्त सह्या.

मग शेतकरी सही का करत होता? नाही म्हटलं तर सावकार कोर्टात जाणार, आणि कोर्ट म्हणजे लांबचं गाव, अनेकदा गैरहजेरीतच झालेला हुकूमनामा. शिवाय सारा भरायचा असायचा, पेरणी तोंडावर असायची. १८६१ ते ६५च्या अमेरिकी यादवीत इथल्या कापसाला भाव आला तेव्हा कर्ज सहज मिळत होतं. ती तेजी ओसरली, सावकारांनी हात आखडला, साऱ्याचे दर मात्र वाढवले गेले. नवं कर्ज हवं असलेला माणूस जुन्या हिशेबावर वाद घालत नाही. त्यातून खतात काय लिहिलंय हे बहुतेकांना वाचताच येत नव्हतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यांवरच्या पैशांच्या दाव्यांची मुदत उलट वाढवली: नोंदणी केलेल्या दस्तावर बारा वर्षं, एरवी सहा. शेवटच्या खतावर न थांबता मूळ कर्जापर्यंत मागे जाऊन हिशेब तपासायचं कामही कोर्टावर सोपवलं. मुदत कमी केली की कर्जदार सुटतो, ही समजूत वीस वर्षांत उलटी ठरली होती.

आज मुदतीच्या त्या खेळात मी सावकाराच्या जागी होतो.

चौथ्या दिवशी मित्राला चहाला बोलावलं. कागदावर चारच ओळी होत्या: रक्कम, दिल्याची तारीख, देणं मान्य असल्याचं वाक्य, आजची तारीख. व्याज लिहिलं नव्हतं. त्याची नोकरी गेलेली, अजून लागलेली नाही. नजर चुकवत त्याने पेन उचललं आणि कागद न वाचताच सही करायला वाकला.

मी त्याचा हात धरला. “आधी वाच,” म्हटलं. “मोठ्याने.”