हजार दुरुस्त्या आणि एक हाक

पोथ्यांच्या काळी नक्कल उतरवणाऱ्याचा हात चुकला की ती चूक पुढच्या दहा प्रतींत उतरे. अशा चुका साठत गेलेल्या पाहूनच शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. ओळन्‌ओळ डोळ्यांखालून घालायची आणि हाताने सुधारायची; दुसरा मार्गच नव्हता. आज यातले पुष्कळसे काम संगणकाला सांगून करवता येते. त्या सांगण्याला मॅक्रो म्हणतात. मी काही त्या विद्येतला नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार, एवढीच माझी ओळख. पण वडिलांच्या एका बाडापायी या वाटेला जावे लागले, आणि वाट मोठी रंजक निघाली.

या विद्येचे मूळ अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत सापडते. १९६२-६३ च्या सुमारास तिथल्या डॅन मर्फी नावाच्या विद्यार्थ्याने टेको नावाची आज्ञावली लिहिली. त्या काळी मजकूर कागदी फितीवर भोके पाडून ठेवीत. यंत्राचा वेळ महाग. म्हणून दुरुस्त्यांचे हुकूम आधी तयार करायचे आणि मग एकदम चालवायचे, असा टेकोचा बेत. एकेक अक्षर म्हणजे एकेक हुकूम! पुढे लोक गमतीने आपले स्वतःचे नावच टेकोला हुकूम म्हणून देत आणि मजकुराची काय दैना होते ते पाहत बसत.

हुकमांची अशी जुडी एकेका कळीला बांधून टाकण्याची सोय १९७४ च्या सुमारास तिथेच रिचर्ड स्टॉलमन यांनी केली. ग्रीक भाषेत ‘मॅक्रो’ म्हणजे मोठा, लांब. हुकूम एवढासा, पण त्याच्या पोटात लांबलचक काम! मौज अशी झाली की जो तो आपापल्या जुड्या बांधू लागला आणि एकाची रीत दुसऱ्याला कळेना. तेव्हा गाय स्टील यांनी त्या गोळा करून एका सूत्रात ओवायला घेतल्या, आणि १९७६ साली स्टॉलमन यांच्या हातून ‘ईमॅक्स’ तयार झाला. ‘संपादनाचे मॅक्रो’ हाच त्या नावाचा अर्थ.

ही विद्या प्रयोगशाळेतून कचेरीत आली. १९८९ साली विंडोजसाठी निघालेल्या ‘वर्ड’मध्ये मॅक्रो लिहिण्याची एक छोटी भाषाच दिलेली होती. एखादे काम एकदा करून दाखवावे, यंत्राने ते टिपून ठेवावे आणि पुढे हवे तितक्यांदा करून द्यावे, इतके ते सोपे झाले. पण सोपे झाले ते सज्जनांनाच असे नव्हे. १९९५ साली ‘कॉन्सेप्ट’ नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ आली. ती ज्याच्याकडे जाई त्याच्या यादीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःच टपालाने पोहोचे. अखेर २०२२ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप चालू न देण्याचे ठरवले.

आता आमच्या बाडाकडे येतो. वडिलांनी आपल्या आठवणी २००१ साली तालुक्याच्या गावी एका दुकानात टाइप करवून घेतल्या होत्या. वडील गेले, दुकान बंद पडले, वहीही वाळवीने खाल्ली. उरली ती फाइल. उघडली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता खिचडा! त्या वेळचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवीत. फाँट नाही तर मराठी नाही. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतःच्या जागा दिल्या होत्या. पण छपाईच्या दुकानांत जुनीच रीत पुढे कित्येक वर्षे चालली.

माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. तुकड्यामागे अक्षर अशी यादी करून त्याने मॅक्रो लिहिला. तरी वेलांटी हटून बसली. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, जुना फाँटही ती आधीच ठेवी. युनिकोडात मात्र ती ‘क’नंतर साठवतात. रफाराचे याच्या उलट. शिवाय ‘स्थिती’सारख्या शब्दात वेलांटीने ‘स्‌’ आणि ‘थ’ दोघांनाही ओलांडून जायला हवे. हे सारे मॅक्रोला शिकवले, आणि एका संध्याकाळी पडद्यावर वडील बोलू लागले. मी काही वेळ नुसता पाहतच राहिलो.

त्या आठवणींत रमाआत्याची कहाणी होती. सासरहून मध्यरात्री निघून ती माहेरच्या दारात आली, त्या रात्रीची. आत्याने मला बजावले होते, “छाप बाबा, पण माझं नाव घालू नकोस.” मीच मोठ्या ऐटीत हुकूम दिला: ‘रमा’ दिसेल तिथे ‘मीरा’ कर. क्षणात काम झाले! मग वाचू लागलो, तो ‘परमार्थ’चा ‘पमीरार्थ’ झालेला, ‘क्रमांक’चा ‘क्मीरांक’! यंत्राला अक्षरे कळतात. आत्या आणि परमार्थ यांतला भेद कळत नाही. आणि मी तर फाइल जतन करून बंदही केली होती. विद्यार्थी हसून म्हणाला, “सर, मूळ प्रत मी आधीच बाजूला ठेवलीय.” मग सुटा शब्द पाहून, प्रत्ययांसकट बदल करण्याचा नीट हुकूम त्याने लिहिला.

तरीही सगळे बाड मी एकदा डोळ्यांखालून घातले. बरे झाले. एका ठिकाणी नाव तसेच राहिले होते. त्या रात्री आजोबा आतूनच विचारतात, कोण आहे? आणि माझे वडील कडी काढून म्हणतात, “रमे, आत ये.” ‘रमा’ शोधणाऱ्या मॅक्रोला ‘रमे’ सापडलीच नव्हती.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला ते पान वाचून दाखवले आणि म्हटले, “एवढे राहिलेय, बदलतो.” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “नको. तेवढं दादाचं राहू दे.”

ते राहिले आहे.