जुन्या तबकड्या, नवी यंत्रे

पुस्तक वाचायला डोळे आणि उजेड पुरतो. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तबकडी कितीही जपून ठेवली, तरी ती ज्या यंत्रासाठी तयार झाली ते यंत्र, किंवा त्याची भाषा जाणणारे दुसरे यंत्र हाताशी नसेल, तर तिच्यातले काहीच दिसत नाही. त्यामुळे घरगुती गेम कन्सोलच्या प्रत्येक पिढीत एक प्रश्न नव्याने उभा राहिला : नव्या यंत्रावर जुने खेळ चालणार का? या सोयीला ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ म्हणतात. वरवर ही तांत्रिक बाब वाटते. तिचा इतिहास पाहिला तर मात्र ती प्रामुख्याने खर्चाची आणि मालकीची बाब असल्याचे दिसते.

उत्तरे सुरुवातीपासूनच दोन प्रकारची होती. अटारीने १९८६ मध्ये विक्रीस आणलेल्या ७८०० या कन्सोलवर १९७७ च्या २६०० चे बहुतेक खेळ चालत. उलट निन्टेन्डोच्या १९९० मधील सुपर फॅमिकॉमवर आधीच्या फॅमिकॉमची कार्ट्रिज चालत नसत.

सर्वांत बोलके उदाहरण सोनीचे आहे. मार्च २००० मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ आला. पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर त्याच्या पोटातच बसवलेला होता. नवा खेळ चालू असताना तो कंट्रोलर, मेमरी कार्ड अशी जोडकामे सांभाळी. जुनी तबकडी घातली की तो पुन्हा आपल्या मूळ भूमिकेत शिरे. जुना भाग नव्या यंत्रातही कामाचा असल्याने तो ओझे ठरला नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ ची गोष्ट वेगळी झाली. त्याचा ‘सेल’ प्रोसेसर आधीच्या रचनेपेक्षा पूर्ण निराळा होता. म्हणून जपान-अमेरिकेतील पहिल्या यंत्रांत प्लेस्टेशन २ च्या दोन मुख्य चिप, ‘इमोशन इंजिन’ आणि ‘ग्राफिक्स सिंथेसायझर’, वेगळ्या बसवल्या गेल्या. त्यांचा उपयोग जुन्या खेळांपुरताच. अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलर किंमत लावूनही सोनीला यंत्रामागे तोटा होत होता. काटछाट अटळ होती. मार्च २००७ च्या युरोपीय यंत्रातून पहिली चिप गेली आणि तिचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. त्याच वर्षाअखेरच्या ४० जीबी यंत्रातून दुसरीही गेली आणि प्लेस्टेशन २ च्या तबकड्या चालेनाशा झाल्या. त्याहून जुन्या, पहिल्या प्लेस्टेशनच्या तबकड्या मात्र सॉफ्टवेअरच्या बळावर चालतच राहिल्या.

पुढे २०११ पासून प्लेस्टेशन २ चे निवडक खेळ सोनीच्या ऑनलाइन दुकानात प्लेस्टेशन ३ साठी विक्रीस आले. ज्याच्या फडताळात तबकडी होती, त्यालाही तोच खेळ पुन्हा विकत घ्यावा लागे. जुना खेळ चालवण्याची सोय यंत्रातून निघून दुकानात गेली होती.

ही सोय बाहेरच्या कोणी पुरवायची म्हटले तर काय होते, तेही घडून गेले आहे. कनेक्टिक्स कंपनीच्या १९९९ मधील सॉफ्टवेअरवर प्लेस्टेशनचे खेळ मॅकिन्टॉश संगणकावर चालत. सोनी न्यायालयात गेली. २००० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. २००१ मध्ये सोनीने ते सॉफ्टवेअरच विकत घेतले आणि बंद केले.

आज प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व खेळ चालतात, कारण दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर एकाच कुळातले आहेत. पण आता अनेक खेळ तबकडीऐवजी दुकानातून थेट उतरवून घेतले जातात, आणि दुकाने बंद होतात. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू यांच्यासाठीची ऑनलाइन विक्री थांबवली. त्याच वर्षी ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’च्या अभ्यासात आढळले, की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत.

दोन्ही चिप असलेली २००६ ची ती यंत्रे आता जुनी झाली आहेत, एकेक करून बंद पडत आहेत. उद्या या कलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला तबकड्या मिळतील, त्यांची परीक्षणेही मिळतील. खेळ स्वतः खेळून पाहायचा, तर मात्र कोणीतरी जुन्यासाठी जागा ठेवलेली असावी लागेल.