चौक कुणाचा?

कला म्हटलं की लोक वाड्याकडं बोट दाखवतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, अठराव्या शतकातला. भिंतींवर चित्रं आहेत. देखणी आहेत, ना नाही. पण चित्रं वाड्याच्या आत आणि आपला खापरपणजा वेशीच्या बाहेर. त्यानं ती बघायची कशी? देवळातल्या मूर्तीचीही तीच गत. म्हणून आपल्या कलेचा इतिहास चौकात शोधावा लागतो.

७ नोव्हेंबर १९०० ला याच साताऱ्यात भिवा रामजी आंबेडकर हायस्कुलात दाखल झाला. बसायचं तरट घरनं न्यावं लागे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही पोरं मसूर स्टेशनात उतरली. महार म्हटल्यावर गाडीवाले येईनात. दुप्पट भाडं भरून गाडी स्वतः हाकावी लागली. रात्रभर प्यायला पाणी नाही.

त्याच भिवाचा पुतळा ९ डिसेंबर १९५० ला कोल्हापूरच्या बिंदू चौकात बसला. तेव्हा बाबासाहेब हयात होते. सोबत जोतीराव फुले, ज्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं कटगुण. पुढाकार सत्यशोधक भाई माधवराव बागलांचा. ज्याला स्टेशनात पाणी मिळालं नाही, त्याला शहराच्या मधोमध जागा मिळाली.

१९६७ साली ब्रह्मेश वाघांनी घडवलेला पुतळा संसदेच्या आवारात उभा राहिला. गावोगावचे सिमेंटचे पुतळे त्याच वळणाचे: अंगात कोट, हातात पुस्तक, उचललेलं बोट. मढ्यावरची वस्त्रं नेसायला लावलेल्या जातीला हा कोट. अक्षर नाकारलेल्या जातीला हे पुस्तक. कलेचे पंडित नाकं मुरडू देत. आमची म्हातारी त्यातलं सगळं वाचते.

आमच्या वस्तीतला पुतळा वर्गणीतनं झाला. सूतगिरणीच्या पगारातनं मीही दिली. आधी तिथं उकिरडा होता. आता कट्टा आहे. १४ एप्रिलला बाया तिथं माइक हातात घेतात, एरवी पोरं पेपर वाचतात, भांडणं तिथंच मिटतात. पुतळ्यानं जागा केली, जागेनं माणसं जोडली.

हे आपल्या वैऱ्याला बरोबर कळतं. म्हणून तर ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार पडला. चिडलेली वस्ती रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली.

त्या भीतीपायी आज कितीतरी पुतळे लोखंडी जाळीत आहेत. जाळी लावा, राखण करा. पण तेवढ्यावर थांबू नका. बाबासाहेबांच्या हातात पुस्तक आहे, तर पायाशी कपाट पाहिजे. हार संध्याकाळी सुकतो. ज्या कट्ट्यावर रोज वाचन चालतं, तो चौक कुणाच्या बापाला परत घेता येत नाही.