फेड-इनची मजुरी

प्रीमियरसारख्या चित्रफीत-संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपची सुरुवात निवडून कंट्रोल आणि डी ही बटणं दाबली की फेड-इन तयार. क्लिपची अपारदर्शकता 0 पासून 100 टक्क्यांपर्यंत चढते, काळ्या पडद्यावर चित्र उमटतं. आवडलं नाही तर काढून टाकायलाही क्षणभरच लागतो. संगणक येण्याआधी मात्र या दोन सेकंदांसाठी कुणाला तरी घाम गाळावा लागे. ते काम कुणाच्या हाती आहे, यावर फेड कधी ठरवायचा आणि नंतर मत बदलता येईल का, हेही अवलंबून असे.

या युक्तीचं वय सिनेमापेक्षा जास्त आहे. 1830 च्या दशकात लंडनमध्ये हेन्री लँगडन चाइल्ड जादूच्या कंदिलाचे खेळ करत असे. दोन कंदील एकाच पडद्यावर रोखायचे, एकाचा उजेड कमी करत दुसऱ्याचा वाढवायचा, की उन्हाळ्याचं दृश्य विरघळून तिथे हिवाळा यायचा. पुढे यासाठी भिंगांसमोर दातेरी पत्रे सरकवू लागले. सरळ कडेचा पत्रा नेला तर पडद्यावर त्याची सावली सरकताना दिसण्याची भीती. दात्यांमुळे उजेड हळूहळू, सारखा मंदावे. आपल्याकडे 1892 च्या सुमारास कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने कंदिलाचेच खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं आणि जोडीला निवेदन, असा तो प्रकार होता.

फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसने हे तंत्र कॅमेऱ्यात आणलं. 1899 च्या ‘सिंड्रेला’त आणि 1902 च्या चंद्रावरच्या सफरीत त्याची दृश्यं एकमेकांत विरघळतात, म्हणजे डिझॉल्व्ह होतात. ते करायचं कसं? हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला साधारण 8 चौकटी (फ्रेम) पुढे जात. दृश्य संपताना चार फेऱ्यांत भिंगाचं छिद्र बंद करत आणायचं, म्हणजे 32 चौकटी काळवंडल्या. मग भिंग झाकून तेवढेच फेरे उलटे फिरवायचे, नवं दृश्य लावायचं आणि चार फेऱ्यांत छिद्र पुन्हा उघडायचं. फेरा मोजण्यात चूक झाली तर दोन्ही दृश्यं वाया. नुसता फेड-इन त्यामानाने सोपा, पण तोही चित्रीकरणाच्या वेळीच व्हायचा. एकदा नेगेटिव्हवर उतरला की संकलकाला तो पुसता येत नसे.

छिद्र बारीक करण्यात आणखी एक खोड होती. छिद्र जितकं लहान तितकी मागची वस्तू स्पष्ट. त्यामुळे काळोख दाटत असतानाच पाठीमागच्या भिंतीवरची नक्षी ठळक व्हायची. 1910 च्या दशकातल्या बेल अँड हॉवेल 2709 कॅमेऱ्यात शटरची फट कमी-जास्त करायची सोय होती, तिने ही अडचण दूर केली. हौशी मंडळींसाठी ‘क्रेग फोटोफेड’ नावाचा रंग बाटलीत मिळे. फिल्मचं टोक त्यात हळूहळू सोडायचं. जो भाग जास्त वेळ बुडाला तो जास्त काळा.

1920 च्या दशकाच्या अखेरीस प्रती काढण्यासाठी चांगली फिल्म मिळू लागली आणि हे काम प्रयोगशाळेतल्या ऑप्टिकल प्रिंटरकडे गेलं. आता संकलक कामाच्या प्रतीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करी: फेडसाठी निमुळत्या होत जाणाऱ्या दोन रेघा. प्रयोगशाळा त्यावरून नवी प्रत काढून देई. खर्च व्हायचा, थांबावं लागायचं, शिवाय प्रतीची प्रत असल्याने दाणा वाढायचा. जुने रंगीत सिनेमे नीट पाहिले तर डिझॉल्व्ह येण्याच्या क्षणभर आधी चित्र अचानक खरबरीत झालेलं दिसतं. पडद्यावर अजून काहीच घडलेलं नसतं, पण प्रयोगशाळेतून आलेला, जोडलेला तुकडा सुरू झालेला असतो.

प्रयोगशाळेसाठी थांबण्यातूनच सिनेमातला एक गाजलेला सांधा जन्माला आला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये (1962) पीटर ओटूल जळती काडी फुंकतो आणि पुढच्याच चौकटीत वाळवंटावरची पहाट येते. पटकथेत तिथे डिझॉल्व्ह होता. प्रयोगशाळेचं काम झालेलं नसल्याने दिग्दर्शक डेव्हिड लीन आणि संकलक ॲन कोट्स यांनी दोन तुकडे नुसते एकापुढे एक जोडलेले पाहिले आणि ते तसेच ठेवायचं ठरवलं. संगणकावर काम करत असतो तर डिझॉल्व्ह आधीच लागलेला असता आणि हा सांधा दिसलाच नसता, असं कोट्स यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं.

तो संगणक 1989 मध्ये ॲव्हिडच्या रूपाने आला, 1991 मध्ये ॲडोबीचा प्रीमियर. सुरुवातीच्या प्रीमियरमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन पट्टे आणि मधे परिणामाचा तिसरा पट्टा होता. फिल्मच्या काळातली दोन रिळांची पद्धत पडद्यावर जशीच्या तशी उतरली होती. पुढे ते पट्टे गेले. एक गरज मात्र मेलिएसच्या वेळची तशीच राहिली: फेड-इनला क्लिप स्वतःपुरती पुरते, पण डिझॉल्व्हसाठी दोन्ही बाजूंना कापलेल्या जागेपलीकडचं चित्रीकरण लागतं. ते नसेल तर प्रीमियर चौकटी पुन्हा वापराव्या लागतील असा इशारा देतो. म्हणून संकलक आजही कॅमेरामनला सांगतात: ‘ॲक्शन’च्या आधी आणि ‘कट’नंतर दोन-तीन सेकंद कॅमेरा चालू ठेव.